गोंदवाले आणि टाकेवाले

जांघेच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस दुसऱ्या दिवशी खोकला आणि वर 'अजिबात दुखलं नाही' म्हणाला, तर तो एक तर संत असतो नाही तर खोटारडा. नागपुरातल्या एका सरकारी इस्पितळात मी तीस वर्षं सर्जरी करते आणि शिकवते. आमच्या वॉर्डात संत येत नाहीत. म्हणून मिनल गजभिये लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली आणि आता मॅडम खूश होणार अशा चेहऱ्याने उभी राहिली, तेव्हा आकडे बघून माझं डोकंच फिरलं.

मिनल माझी विद्यार्थिनी. सर्जन व्हायचं तर शेवटच्या परीक्षेआधी स्वतः अभ्यास करून प्रबंध लिहावा लागतो. बहुतेक पोरं या कामाकडे ताटातल्या कारल्यासारखं बघतात. मिनल मात्र त्यात मनापासून घुसली होती. हर्नियात पोटाच्या भिंतीला भोक पडतं, आतडं बाहेर डोकावतं आणि आम्ही तिथे जाळी बसवतो. ती जाळी जागेवर राहावी म्हणून आजवर टाके घालत आलो. आता एक वैद्यकीय गोंद निघाला आहे, चार थेंब टाकले की जाळी चिकटते. गोंदाने पेशंटला कमी दुखतं का, हा मिनलचा प्रश्न. कोणाला गोंद आणि कोणाला टाके हे चिठ्ठी टाकून ठरायचं, आणि पेशंटला कधीच सांगायचं नाही. नंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन महिन्यांनी एकच विचारायचं, शून्य ते दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जातो.

तिच्या स्क्रीनवर गोंदाचे सगळे पेशंट शून्य नाही तर एक म्हणत होते. टाक्यांचे सगळे आठ, नऊ.

"मॅडम, इतका फरक तर परदेशातल्या कुठल्याच पेपरात नाही," मिनल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"म्हणूनच मला तो नको आहे," मी म्हटलं. "माणसं एकसारखी दुखत नसतात गं. चल वॉर्डात."

"आता? राउंड तर झाला."

"राउंडला सगळे शहाण्यासारखे झोपतात. आता बघू कसे असतात ते."

वॉर्डात शिरलो तर टाक्यांच्या गटातला ताराचंद, ज्याने सकाळी मिनलला नऊ सांगितलं होतं, तो खाली फरशीवर मांडी घालून पत्ते पिसत होता. हा ताराचंद सदर भागात मालाचा ऑटो चालवतो. गडी बोलका, हसला की पोट हलतं. मी दारात उभी असतानाच त्याच्या हातात चांगली पानं आली असावीत, कारण तो जांघेवर हात न धरता, मोकळेपणी हसला. नऊ दुखणारा माणूस हसायला घाबरतो.

"ताराचंद, किती दुखतंय?" मी विचारलं.

त्याने आधी मिनलकडे पाहिलं, मग पत्ते मांडीखाली सारले आणि चेहरा पाडला. "बहोत, म्याडम. नऊ. साडेनऊ धरा."

"खरं सांग, नाही तर तुझे टाके मी स्वतः काढीन."

माझा आवाज चढला की आमच्या वॉर्डात पंखेसुद्धा हळू फिरतात असं पोरं म्हणतात. ताराचंदने सगळं सांगून टाकलं, तेही इतक्या निर्मळ चेहऱ्याने की मला रागावता येईना.

"म्याडम, खरं म्हटलं तं दोन. पण आमी टाकेवाले ना. आमाले दुखलं पायजे."

"तुला कोणी सांगितलं तू टाकेवाला आहेस?"

"थे तं सगळ्याइले मालूम हाय."

तीस वर्षांत मी एवढा कडक बंदोबस्त कधी केला नव्हता. कमरेतून भूल दिलेला पेशंट जागा असतो, म्हणून ऑपरेशनच्या खोलीत 'गोंद' हा शब्दही काढायचा नाही असा माझा दंडक होता. पण खोलीबाहेरच्या बाकड्यावर बायकापोरं, भाऊ, मेव्हणे बसलेले असतात आणि त्यांना दुसरं कामच नसतं. गोंदाचं ऑपरेशन लवकर आटपतं. एकाच वेळी आत गेलेल्यांपैकी चहावाल्याची किटली यायच्या आत जो बाहेर आला तो गोंदवाला आणि चहा पिऊन झाल्यावर आला तो टाकेवाला, हे त्या बाकड्याने पहिल्या पंधरवड्यातच ओळखलं होतं. आमच्या चिठ्ठ्या, बंद पाकिटं, सगळं एका किटलीपुढे फुकट गेलं.

"आणि आकडे खोटे का सांगता?" मी विचारलं.

"बाईचा पेपर हाय ना जी," ताराचंद म्हणाला. "थ्या देवरावच्या घरवालीनं इचारलं होतं बाईले, का कोन जितलं पायजे म्हणून. बाई म्हणे गोंद जितला तं मजा येईन. मंग आमी ठरवलं. गोंदवाल्याइनं शून्य सांगाचं, आमी जास्त सांगाचं. जुने पेशंट तपासणीले येतात मंगळवारी, थे नव्याइले सांगून ठेवतात. बाई पास झाली पायजे, बस."

मी मिनलकडे वळले. ती भिंतीला टेकली होती.

"बोलली होतीस तू असं?"

"हो मॅडम. देवरावांच्या सिंधूताईंनी सहज विचारलं. मीही सहज बोलून गेले."

बोलणं सहजच होतं, पण त्याने होत्याचं नव्हतं झालं होतं. माझ्या खोलीत परत आल्यावर मिनल रडली नाही. ती नुसती बसून राहिली आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसाचे आणि आठवड्याचे सगळे आकडे कचऱ्यात गेले होते. वाचले होते फक्त तीन महिन्यांचे, कारण त्या तपासणीला अजून बहुतेक जण यायचे होते. ते आकडे खरे मिळाले तर त्यांच्या जोरावर प्रबंध उभा राहू शकत होता. नाही मिळाले तर पोरीची परीक्षा हुकणार, सहा महिने वाया आणि सगळा अभ्यास पहिल्यापासून. इस्पितळाच्या नैतिकता समितीला मी त्याच दिवशी जसं घडलं तसं कळवलं. त्यांनीही तेच म्हटलं, पुढचं तरी खरं आणा.

"त्यांना रागावू नका हो मॅडम," मिनल म्हणाली. "मी जाऊन समजावते."

"तू गेलीस की ते आणखी प्रेमाने खोटं बोलतील. मंगळवारी तू ओपीडीच्या आसपास दिसायचं नाहीस. विचारायला दुसरं कोणी पाहिजे. असा माणूस, जो पास झाला काय आणि नापास झाला काय, वॉर्डाला काही फरक पडत नाही."

असा माणूस आमच्याकडे होता. शेजारच्या युनिटमधला ऋषिकेश मानापुरे. काम चोख, हात स्वच्छ, पण चेहरा कायम कोमट चहा प्यायल्यासारखा. पेशंटला 'काका कसे आहात' असं त्याने आजवर विचारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पट्टी काढायची तर एका झटक्यात. वॉर्डातल्या मावश्या त्याला 'भाऊ' म्हणायच्या तेसुद्धा नाइलाजाने. मी त्याला बोलावून काम सांगितलं.

"मीच का, मॅडम?"

"तुझ्यावर कोणाचं प्रेम नाही म्हणून."

त्याने क्षणभर विचार केला. "बरं मॅडम," तो म्हणाला. "किती वाजता येऊ?"

मंगळवारी मी शेजारच्या टेबलावर माझे पेशंट बघत बसले आणि कान मात्र ऋषिकेशकडे ठेवले. पहिला आला तो दार उघडताच इकडेतिकडे बघायला लागला.

"बाई नाही आल्या?"

"नाही. किती दुखतं, शून्य ते दहा?"

"थे कोनासाठी इचारून राहिले तुमी?"

"मला माहीत नाही. आकडा सांगा. मागे रांग आहे."

असं कोणी बोललं की आपल्या माणसाला उलट मोकळं वाटतं. ज्याला खूश करायचं नाही त्याच्याशी खोटं कशाला बोलायचं? तीन, एक, चार, दोन, शून्य, पाच. आकडे माणसांसारखे यायला लागले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सोबत तक्रारीही आल्या. पायऱ्या फार आहेत, भात कच्चा असतो, एका गृहस्थाला तर जावयाबद्दल बोलायचं होतं. ऋषिकेश मान खाली घालून ऐकत होता आणि आकडा तेवढा टिपून घेत होता. मला आतून इतकं बरं वाटत होतं की दोन पेशंटशी मी चक्क हसून बोलले. ते घाबरले असावेत.

मग देवराव काळबांडे आले. कळमेश्वरच्या पलीकडे त्यांचं गाव. म्हशी आहेत, दुधाचे कॅन सायकलला लावून रोज डेअरीवर नेतात. वर्षानुवर्षं कॅन उचलून हर्निया झालेला. अंगाने सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं हळू. मिनलवर त्यांची माया होती आणि त्याला कारणही होतं. कमरेत सुई द्यायच्या वेळी हा माणूस थरथर कापत होता, तेव्हा मिनलने त्यांचा हात धरून त्यांच्या म्हशींची नावं विचारली होती. चांदी, मोगरी, राधा, सगळ्या सांगून होईपर्यंत भूल चढली होती. देवराव गोंदवाले होते. मागे त्यांची बायको सिंधूताई उभी होती, लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात पिशवी.

"किती दुखतं?" ऋषिकेशने विचारलं.

"शून्य," देवराव म्हणाले.

ऋषिकेशने पेन उचललं आणि तिथेच थांबला. मी मान वर केली. देवरावांच्या पाठीमागे सिंधूताईंनी पिशवी काखेत मारली होती आणि दोन्ही हात वर करून एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवत होत्या. चेहरा अगदी गंभीर. देवरावांना पत्ता नव्हता.

"काका, मला दोन आकडे येत आहेत," ऋषिकेश म्हणाला. "टेबलावर झोपा."

"कायले? शून्य म्हटलं ना बापा."

"शून्य असेल तर तपासायला हरकत नाही."

त्याने जांघेच्या वर, व्रणाच्या बाहेरच्या टोकाला एकाच बोटाने दाबलं. देवरावांचा गुडघा उसळला आणि तोंडातून जो आवाज निघाला तो बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला.

"शून्याला असं ओरडत नाहीत," ऋषिकेश म्हणाला. पण हे म्हणताना त्याने देवरावांच्या खांद्यावर हात ठेवला, हे मी पाहिलं.

आता सिंधूताई पुढे आल्या. "सांगा ना आता. रातच्याले कूस बदलता येत नाई याइले, डाक्टर. सायकलवर टांग टाकतानी डोळ्यात पानी येते. म्या म्हटलं दाखवा, तं म्हणते बाईचा पेपर होऊ दे, मंग दाखवू. माह्या घरी काय कमी कटकट हाय का वं."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मी त्यांच्या शेजारची बाई होते. मी उठून गेले. देवराव उठून बसले होते, टोपी हातात.

"सात हाय, म्याडम," ते म्हणाले. "पन लिवू नका. माह्या एकट्यापायी गोंद हरन. पोरगी दोन वरसापासून मरमर करून राहिली. दुखनं काय, मी सोसून घेतो. मले कुठी परीक्षा द्याची हाय?"

मी रागीट बाई आहे हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक आहे. पण त्या वेळी रागावणं जमलं नाही. तीन महिने हा माणूस एका पोरीच्या आकड्यासाठी रात्री जागत होता. मी बाहेर जाऊन मिनलला फोन केला आणि म्हटलं, ये, तुझी बंदी उठली.

ती धावत आली. ऋषिकेशने तिला दोन वाक्यांत सांगितलं. मिनल देवरावांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"काका, गोंद हरला तर मी नापास होत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं असं?"

"जितलं का पास, हरलं का फेल. सगळीकडे असंच असते ना."

"इथे नसतं. मला फक्त शोधायचं आहे. जे असेल ते. पण तुमचा सात मी शून्य लिहिला आणि पुढे एखाद्या डॉक्टरने ते वाचून तुमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाला गोंद लावला, तर त्याचं दुखणं माझ्यामुळे. मग मी पास होऊन काय करू?"

देवराव टोपीकडे बघत राहिले. "म्हंजे माहा सात तुमाले चालते?"

"मला तोच पाहिजे."

"मंग लिवा," ते म्हणाले. "साडेसात लिवा. आज एसटीत लय धक्के बसले."

दुखणं कशाचं, हे शोधायला फार वेळ लागला नाही. बोट ठेवलेल्या जागी भूल देणारं इंजेक्शन टोचलं आणि थोड्या वेळात देवराव उठून ओपीडीतून चालत दारापर्यंत जाऊन आले. सिंधूताईंना म्हणाले, "गेलं वं. पुरं गेलं." औषधाचा असर उतरल्यावर दुखणं परत येणार होतं, पण उत्तर मिळालं होतं. तिथून एक बारीक नस जाते, ती जाळीच्या कडेशी चिकटली असावी. इंजेक्शनं पुन्हा दिली, वाट पाहिली, नुसत्या तेवढ्याने भागेना तेव्हा मी पुन्हा उघडलं. मिनल माझ्या समोर उभी होती. गोंदाच्या एका वाळलेल्या थेंबात ती नस अडकली होती. आम्ही नसेचा तेवढा तुकडा कापून टाकला; बदल्यात तिथे जरा बधिरपणा राहणार होता. देवरावांनी या खेपेलाही म्हशींची नावं सांगितली. मोगरीला वासरू झालं होतं, त्याचंही सांगितलं.

बाकीचे मंगळवार ऋषिकेशने पार पाडले. मिनलने प्रबंध लिहिला, त्यात वॉर्डाने केलेली सगळी लबाडी एका अख्ख्या प्रकरणात मांडली, चहाच्या किटलीसकट. किटली काढ म्हणून मी दोनदा सांगितलं. तिने काढली नाही. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक, मोठे नावाजलेले गृहस्थ, तेवढंच प्रकरण उघडून बसले आणि त्यांनी तिला अर्धा वेळ देवरावांच्या नसेबद्दल विचारलं. टाके आणि गोंद, तीन महिन्यांनी दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही, हा निष्कर्ष त्यांनी एका ओळीत मान्य केला. मिनल पास झाली. मी तिला शाबास म्हटलं नाही, पण पेढे आणले, धरमपेठेतून, रांगेत उभी राहून.

ऋषिकेशचं मात्र अवघड झालं. इतक्या जणांच्या तक्रारी निमूट ऐकणारा डॉक्टर आमच्या पेशंटांना याआधी भेटला नव्हता. आता तो वॉर्डात आला की लोक उठून बसतात आणि 'भाऊ, तुमचा पेपर कशावर हाय' असं विचारतात. त्याला मी बजावून ठेवलं आहे की काय वाटेल ते कर, पण कोण जिंकावं हे कोणाला सांगू नकोस.

हिवाळ्यात देवराव तपासणीला आले. मिनलचे आमच्याकडचे शेवटचे दिवस होते, तिला भंडाऱ्याला नोकरी लागली होती. सिंधूताईंनी पिशवीतून तुरीच्या ओल्या शेंगा काढून टेबलावर ओतल्या. ओपीडीत असं काही चालत नाही हे मी सांगणार होते, पण शेंगा कोवळ्या होत्या.

"लागला का जी निकाल?" देवरावांनी विचारलं.

"लागला. पास झाले."

"आन गोंद?"

"बरोबरीत सुटले दोघं."

देवरावांच्या मनात काय चाललंय हे तोंडावर दिसत होतं. "माह्यापायीच," ते म्हणाले.

"काका, परीक्षकांनी मला सगळ्यात जास्त तुमच्याबद्दल विचारलं. तुमचा सात नसता तर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं."

हे त्यांना पटलं की नाही, सांगता येत नाही. पण टोपी त्यांनी नीट केली.

"बरं, आता किती दुखतं?" मिनलने विचारलं. "शून्य ते दहा."

देवराव हसले. "तुमचा पेपर तं झाला, बाई. आता कायले इचारता?"

"आता तुमच्यासाठी विचारते."

ते हसायचे थांबले. त्यांनी जांघेवर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं, एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. सिंधूताईंनी या वेळी बोटं दाखवली नाहीत. मीही माझ्या समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं होतं. देवरावांनी खूप वेळ घेतला. आजवर त्यांना हा प्रश्न कोणी त्यांच्यासाठी विचारलाच नसावा.

"दोन," ते म्हणाले. "सायकल चढावर घेतली का. सपाटीले नाई. थोडं बधिर वाटते, पन थे दुखनं नाई."

"दाखवा बघू कुठे," मिनल म्हणाली आणि हात धुवायला उठली.